उजव्या बाजूची सीट

१३ जुलै २०२५, रविवार

ही डायरी यांची. जानेवारीत पतसंस्थेकडून मिळाली, पहिल्या पानावर 'अमरसिंह' असं झोकात नाव घातलं आणि पुढं एक अक्षर लिहिलं नाही. माणूसच तसा. सुरुवात झोकात, शेवट देवाच्या हवाली. मार्चात छातीत दुखायला लागलं आणि रिक्षा येईपर्यंत गेले. आता ही कोरी पानं टाकून देणं माझ्या जिवावर येतं. शिलाईतली बाई मी, चार बोटांची चिंधीसुद्धा ठेवून देते. म्हणून लिहिते.

आज पृथ्वीराज पुण्याहून आला होता. जेवण झाल्यावर पोर्चमधल्या फियाटभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आई, ही काढून टाकूया आता. बाबा होते तोवर ठीक होतं. एक माणूस बघितलाय मी, आहे तशी उचलून नेतो."

मी म्हटलं, "खंडेनवमीला पूजा होऊ दे तिची. तोवर चालू झाली तर राहील दारात. न्हाय झाली तर ने जा."

असं मी का म्हणाले मला ठाऊक नाही. या गाडीइतका राग मला जगात दुसऱ्या कशाचा आला नसेल. हे रिटायर झाल्यावर गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांच्या आवारातून ती आणली. चिंचेखाली उभी होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. टेम्पोतून उतरवली तेव्हा मागच्या सीटवर पिसं होती. हे मात्र नवरी आणल्यासारखे तिच्याभोवती फिरत होते. आमच्या लग्नात असे फिरल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर रोज सकाळी हे पोर्चमध्ये, मी आत खिडकीपाशी मशीनवर. त्यांचे पाने खणखणायचे, माझं मशीन चालायचं. दिवसभरात बोलणं दोन वेळा, चहाला आणि जेवायला. आता नुसतं मशीन वाजतं. एका बाजूचा आवाज बंद झाला की दुसरा किती मोठा येतो ते मला आधी माहीत नव्हतं.

२४ जुलै

उद्यमनगरातून जोतीराम मेस्त्री येऊन गेला. हे सुटे भाग आणायला त्याच्याकडं जायचे, अधूनमधून तोही घरी यायचा. मोठ्यानं बोलतो. गल्लीला कळलं की आमच्या दारात काय चाललंय.

"वैनी, साहेबानी बॉडीचं काम झ्याक केलंय," म्हणाला. "गंज न्हाय, पत्रा सरळ. इंजनाला मातूर हातच लावलेला न्हाय. आधी सीटांचं काम काडलंय. उलटा कारभार की हो ह्यो."

उलटाच कारभार यांचा. जे नडतंय ते बाजूला ठेवायचं आणि भलतंच काढून बसायचं. मागच्या दिवाळीनंतर एकदा मला पाटावर बसवलं, पाठ भिंतीला टेकवायला लावली, पाय सरळ लांब करायला सांगितले आणि माझाच टेप घेऊन पाठीपासून टाचेपर्यंत माप घेतलं. म्हणाले, "मशीनपाशी बसायला तुला झकास खुर्ची करतो." मी म्हटलं, खुर्चीला टाचेचं माप कशाला? तर म्हणाले, "तुला कळत न्हाय त्यातलं." उभ्या आयुष्यात मी गल्लीतल्या बायकांची मापं घेतली, माझं माप कुणी घेतलं नव्हतं. माझे ब्लाउज मी जुना उसवून त्यावरून बेतते. त्या दिवशी टेप टाचेला लावून हे खाली वाकले तेव्हा मला उगीच लाजल्यासारखं झालं होतं. खुर्ची काही झाली नाही.

तसंच जानेवारीत. खिडकीतून बघते तर हे गाडीत बसलेत, गुडघे पार छातीशी आणि स्टिअरिंग मांड्यांमध्ये अडकलेलं. एवढा उंच माणूस घडी घालून ठेवल्यासारखा दिसत होता. मी हसले. हेही हसले आणि हातानं 'ये' म्हणून खुणावलं. लगीनसराईचे ब्लाउज द्यायचे होते, मी नाही उठले.

१० ऑगस्ट, रविवार

इंजिन उतरवून जोतीरामनं उद्यमनगरात नेलंय. तिकडं बोअर घासतील, नवे पिस्टन बसतील. तोवर मी स्वस्थ बसण्यातली नव्हे. छताचं आतलं कापड फाटून लोंबत होतं ते उसवून आणलं आणि तसंच्या तसं नवं बेतलं. गाडीचं छत शिवणं म्हणजे परकर शिवण्यापेक्षा अवघड नाही, फक्त कळ्या आडव्या लावायच्या.

बसवायला मात्र जीव गेला. मागच्या सीटवर पाठीवर निजून दात-ओठ खात ओढलं. मग तशीच पडून राहिले. आत ऑइलचा वास येतो, यांच्या शर्टाला यायचा तोच. त्या वासाचा मला वैताग होता, शर्ट वेगळे भिजवायचे मी. आज त्या वासात पडून मनसोक्त रडले. कुणी बघायला नव्हतं.

मला यांची फार आठवण येते. लिहून टाकलं एकदाचं.

मागचं बसवून झाल्यावर पुढं डाव्या सीटवर बसून बघितलं. उजवीकडं मी बसत नाही. त्याला कारण आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हे मला दिरांच्या जीपवर गाडी शिकवायला शेंडा पार्काच्या रस्त्याला घेऊन गेले होते. हौस माझीच. जीप चाक वाकडं होऊन चरीत गेली. लागलं-बिगलं काही नाही, पण हे पोट धरून हसले आणि म्हणाले, "तुझ्या मापाची गाडी अजून निघायचीय." मी खाली उतरले आणि घरापर्यंत चालत आले. हे मागनं जीप हळूहळू चालवत हाका मारत होते. त्यानंतर कुठल्याही गाडीत मी उजव्या बाजूला बसले नाही. बुटकी आहे ते मला ठाऊक होतं, चारचौघांच्या रस्त्यावर सांगायची गरज नव्हती.

१९ ऑगस्ट

इंजिन आलं, बसलं. जोतीराम ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेला आणि अर्ध्यात अडकला.

"वैनी, ह्ये काय करून ठेवलंय साहेबानी? मला पायच घालाय येत न्हाईत."

खाली वाकून बघितलं तर सीट जिथं असायला हवी तिथं नाहीच. खालच्या पट्ट्या कापून पुढं नेऊन पुन्हा वेल्डिंग केलंय. सीटमध्ये एक जादा गादी. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलेटर या तिन्हींवर बाभळीचे ठोकळे बोल्टनं आवळलेले, वर सायकलच्या टायरचं रबर ठोकलेलं, पाय घसरू नये म्हणून. कडा घासून गोल केलेल्या. आरसा खाली वळवलेला.

"असलं काय बी नसतंय ओरिजिनल गाडीत," जोतीराम म्हणाला. "कुणी शाळेतलं पोरगं चालवणार हुतं का काय?"

मी शिंपीण आहे. शिवलेल्या कपड्यावरून आत कुठलं अंग होतं ते मला सांगता येतं. ही सीट यांच्या मापाची नाही. पृथ्वीराजच्या तर नाहीच, तो बापापेक्षा लांब. ही एका बुटक्या बाईच्या मापाची सीट आहे. बाई, कारण कडा गोल केल्यात. पुरुषासाठी पुरुष एवढं करत नाही.

जोतीरामला म्हटलं, उद्या ये.

२० ऑगस्ट

आज मी जोतीरामला सरळ विचारलं, तू यायचास तेव्हा गाडीत कुणी बसलेलं बघितलंस का?

तो डोकं खाजवायला लागला. "एकदा बघिटलं हुतं की. एक बाई हुत्या, चष्म्यावाल्या. ठेंगण्या. साहेब खाली बसून त्येंच्या पायाकडं बगत हुते. तुमी घरात नव्हता बगा. तुमच्या पावण्या आसतील म्हटलं मी."

चष्मा, ठेंगणी. मीनाक्षी. यांच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टायपिंगला होती, लग्न केलं नाही, तारुण्यापासून माझ्याकडंच ब्लाउज शिवते. तिचं माप मला पाठ आहे. बाह्या सोडल्या तर माझंच माप. तेराव्याला आली होती आणि माझ्यापेक्षा जास्त रडली होती. मी तिला पाणी दिलं होतं.

बायको बुटकी म्हणून आयुष्यभर चेष्टा केली, आणि दुसऱ्या बुटकीसाठी लाकूड घासत बसला हा माणूस. माझ्या दारात, माझ्या खिडकीसमोर. मी आत मशीन मारत होते आणि बाहेर तिच्या पायाची सोय चालली होती. मला एक खुर्ची झाली नाही त्यांच्या हातनं.

जोतीरामला सांगितलं, कापून टाक. सगळं होतं तसं कर.

"व्हय, ओरिजिनलच बरं," म्हणाला. ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या. पट्ट्या भंगारात गेल्या, सीट मागं गेली. ठोकळे मी माझ्या हातानं बंबात घातले. गीझर आहे घरात, पण यांना बंबाचंच पाणी लागायचं आणि मला चिंध्या जाळायला बरा पडतो. बाभूळ चिवट, लवकर पेटेना. मग रबरानं पेट घेतला, काळा धूर झाला. पेटेपर्यंत मी समोर बसून होते. त्या पाण्यानं आंघोळ केली.

बरं वाटलं. लिहायचं तर खरं लिहावं, फार बरं वाटलं.

९ सप्टेंबर

गणपतीत काही लिहिलं नाही. यंदा आमच्याकडं आणले नव्हते.

आज मीनाक्षी आली. नवरात्रासाठी खणाचं कापड घेऊन. माप घ्यायची गरज नव्हती तरी मी टेप काढला आणि घेतलं. का घेतलं? तिच्या पाठीवरून टेप ओढताना मनात काय काय आलं ते इथं लिहिणार नाही.

जाताना पोर्चमध्ये थांबली. गाडीच्या टपावरून हात फिरवला. "झाली की हो पूर्ण," म्हणाली, आणि डोळे पुसले. मग हळूच, "वहिनी, तुम्ही बसून बघितलंत का?"

"मी कशाला बसू?" म्हटलं. "माझं काय काम तिथं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, "तुझा ब्लाउज दसऱ्यापर्यंत व्हायचा न्हाय. कामं फार आहेत." गेली बिचारी. बिचारी कसली. खणाचं कापड कपाटाच्या खालच्या फळीवर टाकलंय, पडू दे तिथंच.

२३ सप्टेंबर

कालपासून घट बसले. आज जोतीरामनं पहिल्यांदा गाडी सुरू केली. आधी खोकली, धूर सोडला, बंद पडली. तो कार्ब्युरेटरशी काहीतरी झटला. मग जी लागली ती लागलीच. गल्लीतले लोक बाहेर आले. कुणी शिट्टी मारली.

मी मशीनवर होते, पाय थांबवला. पोर्चमधनं आवाज येतोय, किती महिन्यांनी. उठून बाहेर जावं असं वाटलं, आणि गेले नाही. आवाज ज्यांचा त्यांच्यावर मी रागावले आहे. रागावलेल्या माणसानं मरून जावं ना, म्हणजे भांडण तरी मिटतं. इथं गेलेलं माणूस निवांत आणि मी घरात एकटी भांडतेय.

पृथ्वीराजला फोन केला. "सुरू झाली," म्हटलं. तो खूश झाला, म्हणाला, "वा, मग आता ठेवणार ना?" मी म्हटलं, "पूजा झाली की ने." "आई, काय झालं?" म्हणाला. मुलाला काय सांगू?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी मशीन पुसलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू लावला. कात्री, टेप, सगळं पाटावर मांडलं. शेजारी यांचे पाने मांडले. आज हत्यारांना विश्रांती, मशीन चालवायचं नाही. मग गाडीची पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक, हार, चाकाखाली लिंबू. पृथ्वीराज उद्या येणार होता. नारळ जोतीरामनं फोडला आणि किल्ली माझ्यापुढं धरली.

"बसा."

"तूच फिरव."

"न्हाय वैनी. पूजेची गाडी मालकानं चालू करायची. मालक न्हाईत, मालकीणबाई हायत. मी किल्लीला हात लावणार न्हाय."

चार माणसं बघत होती. मी उजव्या बाजूचं दार उघडलं आणि बसले. बसले म्हणजे बुडालेच. समोर स्टिअरिंगचा घेर, त्याच्यावर बॉनेट दिसेना. आरशात छत दिसलं, मी शिवलेलं. पाय खाली सोडले तर क्लच कुठंतरी लांब. बोटांची टोकं नुसती लागत होती.

जोतीराम हसला. "पाय पुरंना व्हय तुमचं? थांबा, सीट जरा फुडं..."

आणि थांबला. हात तसाच सीटच्या खाली. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, मग पेडलकडं. तोंडावरचं हसू गेलं. मी पण बघत होते. माझा तळवा आणि पेडल यांच्यामध्ये जी जागा होती, ती मला ओळखीची होती. एका ठोकळ्याएवढी.

पाटावर पाठ टेकवून पाय लांब केलेले. टाचेला लावलेला टेप. 'तुला कळत न्हाय त्यातलं.'

गुडघे छातीशी घेऊन बसलेले हे. 'ये' म्हणून केलेली खूण. मी नाही उठले.

जोतीराम म्हणाला, "मला म्हाईत नव्हतं हो वैनी. खरंच न्हाय." मग तो पोर्चच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसला. लोकांना वाटलं, वैनीला साहेबांची आठवण आली. खरंच होतं ते. मी तशीच बसून राहिले. किल्ली फिरवली नाही.

तुझ्या मापाची गाडी अजून निघायचीय. एवढी वर्षं हा टोमणा मी उराशी धरून ठेवला. त्यांनी तो काम म्हणून ठेवला होता.

२ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी मीनाक्षी सोनं द्यायला आली. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि मी तिचा हात सोडलाच नाही. सगळं सांगितलं. तिच्याबद्दल मी काय समजून बसले होते तेसुद्धा सांगितलं. बंबाचंही लपवलं नाही.

ती रागावली नाही. रागवायला पाहिजे होती.

"मला एकदा बोलावलं होतं त्यांनी," म्हणाली. "तुम्ही बाजारात गेला होता. म्हणाले, तुमची आणि हिची उंची एकच आहे, जरा बसून दाखवा, पाय नीट पोचतो का बघू. मी म्हटलं, वहिनींनाच बसवा की. तर म्हणाले, ती अशी बसायची न्हाय, अजून रुसून हाय. गाडी पुरी झाली की खंडेनवमीला किल्लीच हातात देतो, मग न्हाय म्हणून दाखवू दे."

"त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

"त्यांचं गुपित होतं, वहिनी. मला वाटलं, तुम्ही बसाल एक दिवस आणि तुमचं तुम्हालाच कळेल."

कळलं असतं. तिच्या हिशेबानं ठोकळे अजून तिथंच होते.

पृथ्वीराज आला होता. त्याला म्हटलं, गाडी कुठं जायची नाही. त्यानं कारण विचारलं नाही, माझा चेहरा बघितला असेल.

५ ऑक्टोबर, रविवार

काल मीनाक्षीचा ब्लाउज शिवून दिला. बाह्यांना हातशिलाई घातली.

बंबाच्या खालची राख काढून बघितली. वेडेपणाच, एवढ्या दिवसांत किती वेळा पेटवलाय. बोल्ट सापडले, काळे पडलेले. धुऊन यांच्या पान्यांशेजारी ठेवलेत.

दुपारी जोतीरामचा फोन आला. नेहमीसारखा ओरडून बोलला नाही. "वैनी, पट्ट्या मी परत वेल्डिंग करून देतो. बाभळीचं लाकूड बगून ठेवलंय. हुतं तसं करतो. फकस्त मला माप द्या. पाठीपास्नं टाचंपर्यंत."

"देते," म्हटलं.

पाट भिंतीला लावला. यांनी लावला होता तिथंच, मशीनच्या शेजारी. बसले, पाठ टेकवली, पाय लांब केले. टेपचं एक टोक कमरेमागं भिंतीशी दाबून धरलं आणि दुसरं घेऊन पुढं वाकले. टाचेपर्यंत हात न्यायचा तर पाठ भिंतीपासून सुटते. पाठ टेकवून बसावं तर हात गुडघ्याच्या पुढं जात नाही. तीन-चार वेळा करून बघितलं, दरवेळी आकडा वेगळा येतो.

एवढ्या बायकांची मापं घेतली, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. हे माप एकट्यानं घेता येत नाही. टाचेपाशी कुणीतरी वाकून बसावं लागतं.

टेप गुंडाळून ठेवलाय. पाट अजून तिथंच आहे.